देवळापासून दूर असतां : संतांनीं दाखविलेला मार्ग



ज्युबिलीची स्मरणिका निघाली म्हणजे तींत देऊळ केव्हां उभें राहिलें, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येथें राबून गेले, हा वृत्तांत यावा हें योग्यच आहे. आमच्या वांट्यास आलेल्या या पानांत मात्र आम्ही निराळा इतिहास सांगणार आहों. जेथें देऊळ नव्हतें, घंटा नव्हती, आणि धर्मगुरूचें दर्शन पिढ्यान्‌पिढ्या घडत नव्हतें, तेथें श्रद्धा कशी टिकली, हा तो इतिहास होय. तो सांगण्यास एक प्रश्न कारण झाला, आणि तो प्रश्न आम्हांस राणीसावरगांव येथें विचारण्यांत आला.

राणीसावरगांव हें परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यांतील, बालाघाटाच्या डोंगराळ भागांत वसलेलें गांव. रेणुकादेवीचें स्थान म्हणून तें पंचक्रोशींत ओळखलें जातें. या बाजूस जमीन हलकी व पाऊस लहरी. म्हणून दसरा-दिवाळी उरकली कीं कितीएक कुटुंबें मुकादमाची उचल फेडण्यासाठीं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या मुलखांत ऊसतोडीस जातात, आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. आमचीं कांहीं ख्रिस्ती घरेंहि त्यांत असतात. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, तपःकाळ, आणि कधीं कधीं प्रभूच्या पुनरुत्थानाचा सणहि त्यांना उसाच्या फडांतच काढावा लागतो.

एका उन्हाळ्यांत तेथील एका घरीं प्रार्थनेस जमलेल्या मंडळींस आम्हीं बोल लावला. सहा महिने मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मुलांना धर्मशिक्षण नाहीं. अशानें तुमचा धर्म राहील कसा, असें आम्ही कठोरपणें बोललों. सगळे खालीं मान घालून बसले. तेव्हां कोयत्यानें जिच्या हातांस घट्टे पडले होते अशी एक वयोवृद्ध बाई म्हणाली, “फादर, तुमी हितं घंटा वाजवता, ती आमाला फडात ऐकू येत न्हाई. मंग त्या सा महिन्यांत देव आमचा नसतो का?” आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें, परंतु तें उत्तर नव्हे, हें तिला कळलें आणि आम्हांसहि कळलें. त्या रात्रीं परत येतांना सेमिनरींत शिकलेला ख्रिस्तसभेचा इतिहास आम्ही मनांत पुन्हां चाळूं लागलों, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं, त्या बाईचा प्रश्न नवा नाहीं. संतांनीं तो पूर्वींच ऐकला आहे आणि त्याचें उत्तर शब्दांहून अधिक आपल्या जीवितानें दिलें आहे.

ज्या तालुक्यांत ही बाई राहते, त्याच तालुक्यांतील गंगाखेडची संत जनाबाई. आमचे हिंदु शेजारी तिचें नांव मोठ्या प्रेमानें घेतात. ती नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट हेंच तिचें आयुष्य. आणि देव आपल्या जात्यास हात लावतो ही तिची भावना. तिची वाट व आमचा विश्वास सर्वस्वीं एकच आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राबणाऱ्या हाताजवळ देव असतो, हा विचार या मातीस परका नाहीं, एवढें खरें. आतां आमच्या ख्रिस्तसभेचे संत काय सांगतात तें पाहूं.

प्रथम स्मरण वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांचें. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता या देशची. वसईंत येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं ते शिकले व कोंवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात केली आणि धर्मशिक्षकाचें काम कांहीं वर्षें केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती सफळ झाली नाहीं. मग ते व्यापारांत शिरले, त्यांत त्यांना यशहि आलें. पण मन तेथें रमेना. अखेर फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं ते फ्रान्सिस्कन संघांत बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी या नात्यानें ते पुन्हां जपानांत गेले आणि क्योतो शहरीं गोरगरिबांच्या व कुष्ठरोग्यांच्या सेवेंत रमले. १५९६ च्या डिसेंबरांत तेथील सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमावरून त्यांना पकडण्यांत आलें. डाव्या कानाची पाळी कापून, ऐन हिंवाळ्यांत महिनाभर चालवीत त्यांना व त्यांच्या सोबत्यांना नागासाकीस नेलें. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनीं मारलें. त्यांतील सर्वांत धाकटा मुलगा अवघ्या बारा वर्षांचा होता. पोप नववे पायस यांनीं ८ जून १८६२ रोजीं या सव्विसांना संतपद दिलें. आणि वसईचा हा पुत्र भारतांत जन्मलेला पहिला संत ठरला.

वाचकहो, या चरित्रांतील एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. गोन्सालो हे धर्मगुरु नव्हते. त्यांनीं कधीं मिस्सा अर्पण केली नाहीं, कधीं पापनिवेदन ऐकलें नाहीं. धर्मशिक्षक, व्यापारी, दुभाषी, रोग्यांचा सेवक, हींच त्यांचीं कामें. जें मनांत धरलें होतें तें त्यांना प्रथम मिळालें नाहीं. तरी जें काम हातीं आलें त्यांतच ते विश्वासू राहिले, आणि त्याच वाटेनें देवानें त्यांना वेदीपर्यंत नेलें.

परंतु नागासाकीची कथा तेथें संपत नाहीं; आमच्या राणीसावरगांवच्या बाईच्या प्रश्नाचें उत्तर खरें तर तेथूनच सुरू होतें. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरूंना हद्दपार केलें, लपून राहिलेल्यांना मारलें. १६४४ सालीं शेवटचा धर्मगुरुहि गेला. यानंतर त्या देशांत मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, देऊळ तर नाहींच. नागासाकीच्या लोकांस दरवर्षीं प्रभूच्या किंवा पवित्र मरियेच्या चित्रावर पाय ठेवावयास लावीत, आणि जो कचरेल तो ख्रिस्ती म्हणून धरला जाई. कितीएकांनीं प्राण दिले. कितीएकांचा धीर सुटला, त्यांनीं पाय ठेवला. आणि घरीं येऊन, दारें लावून, पश्चात्तापाची प्रार्थना रडत रडत म्हटली. ती दुर्बलता आम्ही योग्य म्हणत नाहीं. पण पडल्यावर देवाकडे पाठ न फिरवितां पुन्हां त्याच्याकडेच वळणें, हीहि श्रद्धाच होय.

आतां हे लोक टिकले कसे, तें नीट ध्यानांत घ्यावें. नागासाकीजवळच्या उराकामी गांवीं त्यांनीं आपसांत तीन कामें वांटून घेतलीं होतीं. एकानें तिथिवार सांभाळावे, म्हणजे रविवार कोणता, नाताळ केव्हां, तपःकाळ कधीं लागतो, हें त्यानें मोजून ठेवावें. दुसऱ्यानें बालकांस बाप्तिस्मा द्यावा. तिसऱ्यानें घरोघर निरोप पोंचवावा. प्रार्थना लिहून ठेवणें धोक्याचें, म्हणून आईनें लेंकरास त्या तोंडपाठ शिकवाव्या. बस्स, एवढेंच. याच आधारावर दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. पुढें जपानचें दार परदेशीयांस उघडलें, आणि नागासाकींतील ओउरा या भागीं फ्रेंच धर्मगुरूंनीं त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या नांवानें देऊळ बांधलें. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारीं उराकामीचीं कांहीं माणसें तेथें आलीं. फादर पेतिजाँ प्रार्थना करीत होते. त्यांतील एका बाईनें हळूच जवळ येऊन सांगितलें कीं, आमचें अंतःकरण आपल्यासारखेंच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें विचारलें. तो तपःकाळ होता, आणि आपणहि तो पाळीत आहों असें त्या लोकांनीं सांगितलें. त्यांची मोजणी चुकली नव्हती! पुढें त्यांना पुन्हां छळ सोसावा लागला. उराकामीचे तीन हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले, कितीएक त्यांत मेले. १८७३ सालीं कोठें बंदी उठली. ज्या सव्विसांत आमच्या वसईचा पुत्र होता, त्यांच्या रक्ताचें बीज असें दोनशे वर्षें मातीखालीं जिवंत राहिलें, आणि तें राखलें कोणीं? शेतकऱ्यांनीं, कोळ्यांनीं आणि आयांनीं.

दुसरें स्मरण गोव्याच्या संत जुझे वाझ यांचें. उराकामीच्या कथेंत लोकांनीं धर्मगुरूची वाट पाहिली. येथें धर्मगुरु लोकांच्या शोधांत निघाला. जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं बाणावली येथें झाला. सिलोनचा किनारा डचांनीं जिंकला होता. १६५८ सालीं जाफनाहि त्यांच्या हातीं गेलें आणि काथोलिक धर्मगुरूंस तेथें मज्जाव झाला. जवळजवळ तीस वर्षें तेथील ख्रिस्ती लोक धर्मगुरूवांचून होते. हें ऐकून फादर वाझ यांचें मन स्वस्थ राहीना. १६८७ सालीं ते मजुराच्या वेषांत, अनवाणी, जाफनाच्या भूमीवर उतरले. वाटेंतच अतिसारानें इतके खंगले होते कीं, जगण्याची आशा नव्हती. बरे झाल्यावर त्यांनीं गळ्यांत जपमाळ घातली आणि दारोदार भिक्षा मागत हिंडूं लागले. माळ पाहून कोणाच्या डोळ्यांत ओळख उमटते, हें ते न्याहाळीत. अशा रीतीनें एक एक घर सांपडत गेलें; रात्रीच्या अंधारांत मिस्सा होऊं लागली. पुढें कँडीच्या राज्यांत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना बंदींत टाकलें. हळूहळू त्यांच्या साधुत्वानें राजाचें मन वळलें. १६९७ सालीं तेथें देवीची सांथ आली तेव्हां, लोक आपल्या आप्तांस टाकून पळत असतां, त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली व मृतांस मूठमाती दिली. सुमारें दहा वर्षें त्या बेटावर ते एकटेच धर्मगुरु होते. मायदेशीं ते पुन्हां परतले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांनीं देह ठेविला. पोप फ्रान्सिस यांनीं १४ जानेवारी २०१५ रोजीं कोलंबो येथें त्यांना संतपद दिलें.

हें चरित्र वाचून आम्हीं आपली मान खालीं घातली, हें येथें लिहिलें पाहिजे. फादर वाझ यांनीं जाफनाच्या लोकांस, तुम्ही तीस वर्षें मिस्सेस कां आलां नाहीं, असें विचारलें नाहीं. ते स्वतः मजूर होऊन त्यांच्या दारीं गेले. आणि आम्ही? आम्हीं फडावरून आलेल्या थकल्या माणसांस बोल लावला. त्यांच्या फडावर मात्र एकदांहि गेलों नाहीं.

तिसरें स्मरण संत फ्रान्सिस दि सेल्स यांचें. हे परदेशचे संत खरे. पण या भागाशीं त्यांचें नातें जवळचें आहे. आल्प्स पर्वतालगतच्या सावोय प्रांतांत १५६७ सालीं त्यांचा जन्म झाला. तरुणपणीं, १५९४ च्या सुमारास, शाब्ले नांवाच्या मुलखांत ते धर्मोपदेशासाठीं गेले, तेव्हां लोक त्यांचें भाषण ऐकावयास येत ना. म्हणून त्यांनीं लहान लहान पत्रकें लिहून घरांच्या दारांखालून आंत सरकविण्यास प्रारंभ केला. याच कारणानें १९२३ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांना लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते ठरविलें. पुढें १६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले, आणि १६०९ सालीं त्यांनीं भक्तिजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो संन्याशांकरितां नव्हता; घरदार, नोकरीचाकरी, बाजारहाट सांभाळणाऱ्या माणसांकरितां होता. त्यांतील मुख्य शिकवण अशी कीं, भक्ति ही ज्याच्या त्याच्या स्थितीस व बळास अनुरूप असावी. लेंकुरवाळीनें मठांतल्या संन्यासिनीप्रमाणें एकांत धरावा, किंवा हातावर पोट असलेल्यानें दिवसभर देवळांत बसावें, असें मागणें म्हणजे भक्ति नव्हे. जी भक्ति कर्तव्यास मोडते ती खोटी. मग कष्टकऱ्यानें काय करावें? तर सकाळीं दिवस देवास वाहावा, रात्रीं दिवसाचा झाडा घ्यावा, आणि कामाच्या मध्येंमध्यें मन क्षणभर देवाकडे उंचवावें. चूक झाली तर स्वतःवर चिडूं नये. नम्रपणें उठावें व पुन्हां चालूं लागावें.

याच संताच्या नांवानें १८३८ सालीं सावोयमधील आन्सी येथें फादर पेत्र मेर्मिए यांनीं मिशनरी संघ स्थापला. त्याचे धर्मगुरु विशाखापट्टण व नागपूर या बाजूंनीं येत येत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादकडे पोंचले. तेव्हां हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १७ डिसेंबर १९७७ रोजीं अमरावतीच्या धर्मप्रांतांतून औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला, आणि परभणी जिल्हा त्यांत आला. इकडे नगर जिल्ह्यांतहि त्या संताच्या पत्रकांची आठवण करून देणारें काम घडलें : केंदळ येथें १९०३ सालीं येशूसंघाचे फादर हेन्री डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ मासिक सुरू केलें. जेथें धर्मगुरूचा पाय पोंचत नाहीं तेथें छापील पान पोंचतें, हा त्यांतला हेतु दिसतो.

आणखी एका संताचा निर्देश केल्यावांचून राहवत नाहीं. ख्रिस्तसभेनें मिशनकार्याचे दोन मुख्य आश्रयदाते मानले आहेत. एक संत फ्रान्सिस झेवियर, जे १५४२ सालीं गोव्यास उतरले, हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून मुलें गोळा करीत हिंडले, आणि दहा वर्षांत चीनच्या दारापर्यंत जाऊन वारले. दुसरी लिझ्यूची संत तेरेझा. ती पंधराव्या वर्षीं मठांत शिरली, धुणें, झाडलोट व आजाऱ्यांची सेवा करीत १८९७ सालीं, चोविसाव्या वर्षीं, क्षयानें मरण पावली, आणि मठाबाहेर मिशनच्या कामास एकदांहि गेली नाहीं. १९२७ सालीं पोप अकरावे पायस यांनीं तिला झेवियर यांच्या बरोबरीनें बसविलें. हजारों कोस चाललेला आणि चार भिंतींत राहिलेली, दोघांचें मोल देवापुढें सारखें. कारण मोजमाप वाटेचें नसून प्रीतीचें आहे.

तेव्हां या सर्वांपासून आमच्या कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबांनीं काय घ्यावें? आम्ही थोडक्यांत सांगतों.

पहिलें. प्रत्येक टोळींतील ख्रिस्ती मंडळींनीं उराकामीप्रमाणें कामें वांटून घ्यावीं. एकानें पंचांग सांभाळावें, एकीनें सायंप्रार्थना चालवावी, एकानें निरोप पोंचवावा. जन्म, आजार, मृत्यु यांची वार्ता आम्हांस किंवा जवळच्या धर्मगुरूस तत्काळ कळवावी. उराकामीच्या लोकांपाशीं कांहींहि साधन नव्हतें. आज तुमच्या खिशांत मोबाईल आहे.

दुसरें. जेथें गंभीर कारणानें मिस्सेस जाणें शक्यच नसतें, तेथें न जाण्याचा दोष लागत नाहीं. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेनें अशा वेळीं कुटुंबांनीं किंवा कुटुंबांच्या समूहांनीं एकत्र प्रार्थना करावी असें सुचविलें आहे. रविवारीं सांजेस कोपीसमोर बसून शुभवर्तमानाचा एक भाग वाचावा, प्रभूची प्रार्थना व जपमाळ म्हणावी. मात्र जवळ देऊळ असून आळसानें जाऊं नये, अशी सवलत कोणीं यांतून काढूं नये.

तिसरें. पहांटे कोयता उचलतांना दिवस देवास वाहावा. मोळी बांधतांना येशूचें नांव घ्यावें. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा झाडा घ्यावा. पाप घडलें तर देवावरील प्रीतीनें मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधि मिळतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवावा. तान्ह्या बालकाच्या जिवास धोका असेल तर पाणी ओतून व ठरलेले शब्द उच्चारून कोणासहि बाप्तिस्मा देतां येतो. ते शब्द प्रत्येक आईस पाठ असावे.

चौथें. संतांच्या नांवानें कोणीं अन्याय सोसावयास सांगितला तर तो उपदेश मानूं नये. हिशेब नीट मागावा, आजारी बाईस फडावर ओढूं नये, मुलांची शाळा तुटूं देऊं नये. फादर वाझ यांनीं दुःखितांस केवळ प्रार्थना शिकविली नाहीं. त्यांची शुश्रूषाहि केली.

आणि पांचवें, हें आमच्या स्वतःसाठीं. यंदाच्या हंगामांत आम्ही फडावर येणार आहों. ज्या ज्या ठिकाणीं आमच्या धर्मग्रामांतील टोळ्या उतरतील, तेथें नाताळापूर्वीं एकदां व तपःकाळांत एकदां मिस्सा व पापनिवेदन व्हावें, असा आमचा संकल्प आहे. ज्युबिलीच्या निमित्तें जमलेल्या पैशांतून रंगरंगोटीपूर्वीं या प्रवासाची तजवीज व्हावी, अशी आमची सर्व धर्मग्रामस्थांस विनंति आहे.

टोळ्या निघण्यापूर्वीं आम्ही राणीसावरगांवास जाणार आहों. त्या बाईस आम्हीं उत्तर देणें लागतों, आणि तें आतां असें देऊं : माय, त्या सहा महिन्यांत देव तुझाच असतो. घंटा तुला ऐकूं येत नव्हती, हा दोष तुझा नव्हता. आम्ही तुझ्यापर्यंत आलों नाहीं, हा दोष आमचा होता.

वसईच्या संत गोन्सालो, गोव्याच्या संत जुझे, घरापासून दूर राबणाऱ्या आमच्या लोकांसाठीं विनंति करा. आणि आम्हां धर्मगुरूंसाठींहि करा. आमेन.